कॉन्ट्राबसूनला दिलेला काकीचा आवाज

कणकवलीच्या कॉलेजात मी गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी संगीत लिहितो. दुसरी गोष्ट कॉलेजात फारशी कुणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते मला लग्नाच्या बँडचे दर विचारतात.

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका वाद्यवृंदातल्या बाईंचा फोन आला. त्या कॉन्ट्राबसून वाजवतात. अठरा फुटांची लाकडी नळी घड्या घालून माणसाच्या उंचीत बसवली, की हे वाद्य होतं. फुंकून वाजवायच्या वाद्यांत इतका खालचा सूर क्वचितच कुणाचा. संगीतकार त्याला दोन-चार सूर देतात आणि विसरून जातात. बाई म्हणाल्या, "अर्धं आयुष्य मी मात्रा मोजत गप्प बसले आहे. मला एकदा बोलायला द्या."

मी भारावलो आणि एक करुण, लांबलचक धून लिहून पाठवली. त्यांनी ती फोनवर वाजवून दाखवली. मग त्या म्हणाल्या की म्हशीला शालू नेसवल्यासारखं वाटतंय. त्यांचं खरं होतं. त्यानंतर दीड महिना मला एक ओळ सुचली नाही.

देवबागला माझ्या घराला लागूनच काकीचं होमस्टे आहे. काकी नात्यातली नाही, शेजारची. तिचा आवाज विलक्षण खालचा. फोनवर गिऱ्हाइकं तिला काका म्हणतात. आधी ती प्रत्येकाला सुधारायची. पुढे तिच्या लक्षात आलं की काकांशी कुणी फार हुज्जत घालत नाही, तेव्हापासून फोनवर ती काकाच असते. देवळातल्या भजनात मात्र इतर बायकांची पट्टी तिला झेपत नाही, म्हणून तिच्या हातात टाळ दिलेत.

एका सकाळी मी पडवीत चाचणीचे पेपर तपासत होतो. पलीकडे काकी फोनवर होती. येऊन गेलेल्या कुण्या पाहुण्याची तक्रार होती की समुद्राच्या आवाजाने दुपारी झोप लागली नाही, पुढच्या वेळेपर्यंत त्यावर काहीतरी उपाय करा. काकीने आधी शांतपणे ऐकून घेतलं. मग समुद्र कुणाच्या मालकीचा, तो कधीपासून तिथे आहे, हे सांगत ती आवाज पायरी पायरीने वर चढवत गेली आणि एकदम तळाशी उतरून म्हणाली, "नाय."

माझ्या हातात लाल पेन होतं. समोरच्या पेपरच्या कोऱ्या पानावर पाच रेघा ओढून मी ते सगळं बोलणं सुरांत उतरवून घेतलं. त्या विद्यार्थ्याचं एक पान फाटलं कसं, याचं उत्तर मी आजवर दिलेलं नाही.

पंधरा दिवसांत रचना पुरी झाली. काकीला मी काही बोललो नाही. बाई तालमीसाठी आल्या तेव्हा त्यांना दुसरीकडे उतरवता आलं असतं, पण आपण पकडले जातो का हे बघायची खोड मला लहानपणापासून आहे. त्यांच्यासाठी मी काकीकडेच खोली घेतली. वाद्याची पेटी रिक्षात मावेना म्हणून टेम्पोतून आणली. आत काय आहे असं काकीने विचारलं, तेव्हा मी बंबाची नळी म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाई वाजवायला बसल्या. काकी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. शेवटच्या सुरापर्यंत तिने ट्रे खाली ठेवला नाही. मी खिडकीबाहेरच्या माडाकडे बघत राहिलो.

"झिला," ती म्हणाली, "ह्या माझा बोलणा."

मी कबूल केलं. न विचारता घेतलं, चुकलं, नको असेल तर फाडून टाकतो, असंही म्हटलं. खोडी तिथेच संपली होती. या आवाजावरून लोक तिला आयुष्यभर हसले होते, आणि मीही त्यांच्यातलाच एक असं तिला वाटलं, तर त्यात तिची चूक नव्हती.

काकीने बाईंना शेवट पुन्हा वाजवायला सांगितला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "'नाय'च्या आधी हिका कित्याक थांबयलंस? थांबला की गिऱ्हाईक बोलूक लागता."

बाई हसल्या नाहीत. पेन्सिल घेऊन त्यांनी तो विराम खोडला आणि पुन्हा वाजवलं. काकीचंच बरोबर होतं. पुढचे तीन दिवस काकी बोलायची आणि बाई वाजवायच्या. मला कुणी काही विचारलं नाही.

मुंबईच्या कार्यक्रमाला काकी नवी साडी नेसून आली. माहितीपत्रकात मी लिहिलं होतं की ही रचना म्हणजे सागराच्या गूढ अंतरंगाचं चिंतन आहे. शेवटचा 'नाय' वाजून संपला. मग मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि टाळ्या सुरू झाल्या. वाद्यवृंदाच्या संचालकांनी बाईंना पुढे बोलावलं. टाळ्या घ्यायची सवयच नसल्यामुळे त्या वाद्याला धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

बाहेर एक वयस्कर रसिक भेटले. या सुरांत आपल्याला सागराचं आदिम एकाकीपण ऐकू आलं, असं त्यांनी डोळे पुसत सांगितलं. मी मान खाली घातली. त्यांनी काकीला विचारलं, तुम्हाला काय वाटलं?

काकीने पदर सारखा केला आणि ऑफिसातलं मराठी काढून म्हणाली, "मलासुद्धा अगदी तसंच वाटलं."

गृहस्थ थबकले. हा आवाज आपण आत्ताच कुठेतरी ऐकलाय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी काकीचा हात धरला आणि टॅक्सी शोधायला निघालो.