तीन नंबरचं नोझल

डिझेलची गाडी उभ्या जागी थरथरायला लागली की कारणं मोजकीच असतात. इंजिनाखालची रबरं बसलेली असतात, नाहीतर एखादा सिलिंडर काम करत नसतो. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना मी एवढंच सांगत आलो. एक कारण मात्र कुणा गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. ते इथे लिहितो.

पेट्रोल महागल्यावर नागपुरात बऱ्याच लोकांनी मोटारींची मूळ इंजिनं काढून डिझेलची बसवून घेतली. तशीच एक गाडी आमच्या गॅरेजात आली. काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याची. गाडी चौकात थांबली की आरसा इतका हलायचा की मागचं काही दिसायचं नाही. "घरची म्हणते, तुम्ही जेवायले बसले तरी हलूनच राहिले," तो म्हणाला.

मी तेव्हा नुकताच हेड मिस्त्री झालो होतो. मालकांनी स्वतःच्या भाच्याला बाजूला ठेवून मला नेमलं होतं, आणि भाचा रोज माझ्या चुकीची वाट पाहत होता.

आधी रबरं पाहिली. ती चांगली होती. मग इंजिन चालू ठेवून, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले केले. नट ढिला केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं, आणि तो काम करत असेल तर इंजिनाचा आवाज पडतो. एक, दोन आणि चार नंबरला आवाज पडला. तीनला काहीच फरक झाला नाही. म्हणजे तीन नंबर आधीच बंद होता.

नोझलचं काम आम्ही गांधीबागेतल्या एका कारागिराकडे द्यायचो. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. त्याच्याकडे हातानं चालवायचं तपासणीचं यंत्र होतं. दांडा दाबला की नोझलमधून डिझेलचा फवारा उडायचा, आणि तो फवारा एकदाच बघून नोझल ठेवायचं की फेकायचं ते सांगायचा. आमच्या गॅरेजात येताना तो "जयभीम" म्हणायचा. मालक त्याला उत्तर देत नसत.

तीन नंबरचं नोझल झिजलेलं होतं. त्यानं नवं तयार करून दिलं, मी ते बसवलं. थरथर तशीच राहिली, वर धूर.

"नोझल बरोबर नाही, भाऊ," मी म्हणालो.

तो यंत्र सायकलला बांधून गॅरेजात घेऊन आला. मालकांसमोर त्यानं दांडा दाबला. फवारा धुक्यासारखा बारीक, एक थेंब खाली पडला नाही. "पाहा ना मालक. याच्यात काय खोट आहे, सांगा मले." मी तेच नोझल पुन्हा बसवलं. गाडी पुन्हा तशीच हलली.

"यंत्रावर चालते अन् गाडीत नाही चालत," भाचा म्हणाला. "सर्कशीत ने गा त्याले."

मालक मला म्हणाले, "उद्यापासून हे काम इतवारीतल्या दुकानात देत जा."

भाऊ भांडला नाही. नोझल उजेडाकडे धरून बघत राहिला. "दिसत तर बरोबर होतं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी इतवारीहून दुसरं नोझल आलं. बसवण्याआधी मी बॅटरीच्या उजेडात सिलिंडरवरचं भोक साफ करायला घेतलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. नोझलच्या खाली तांब्याचा एक वायसर असतो. जुनं नोझल काढलं की तोही काढायचा असतो. इथे तो काजळीनं काळा होऊन बुडाला चिकटला होता, आणि त्याच्यावर मी दोन्ही वेळा नवा वायसर घातला होता. दोन वायसरांमुळे नोझल उंच बसलं आणि फवारा भलत्या जागी पडला. चूक माझी होती.

मी वायसर तारेनं उचकटून काढला. भाचा नळावर हात धूत होता. वायसर खिशात टाकला आणि इतवारीचं नोझल बसवलं. आरसा स्थिर झाला.

"याले म्हणते काम," मालक म्हणाले. मी मान हलवली.

भाऊचं काम वाईट ठरवायला मालकांना एक दिवस पुरला. माझ्या कामाची त्यांनी चौकशीसुद्धा केली नाही. असं का, ते मला तेव्हाही कळत होतं. त्याच्या "जयभीम"ला उत्तर न देणारा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवणार नव्हता, आणि ते माझ्या सोयीचं होतं.

दोन वर्षांत त्यानं दुकान बंद केलं. आमचं काम गेल्यामुळे बंद झालं, असं मी धरून चाललो होतो. पुढे मी स्वतःचं गॅरेज टाकलं. त्या गाडीनंतर नऊ वर्षांनी एका मिस्त्रीनं भाऊबद्दल वेगळंच सांगितलं. "काम होतं त्याच्याकडे. पण एकेक नोझल चार-चार दिवस ठेवायचा. खोलायचा, पाहायचा, पुन्हा खोलायचा. लोक कंटाळले."

त्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. तो आता एका गोदामावर चौकीदार होता. बाजेवर बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

"काटोलच्या गाडीचं?" त्यानं विचारलं. "तीन नंबर?"

"हो."

"म्हणजे फवारा बरोबर होता?"

"बरोबर होता, भाऊ. दोन्ही वेळा."

तो आत तोंड करून म्हणाला, "ऐकलं काय वं? ते नोझल बरोबर होतं म्हणते."

बायको पिठाच्या हातानं दारात आली. "कुलूप लावलं तरी तीनदा ओढून पाहतेत हे," ती मला म्हणाली. "स्वतःच्या हातावर भरोसाच नाही राहिला. इतके दिवस काहून नाही सांगितलं तुम्ही?"

"आधी नोकरी जाईल म्हणून भ्यालो," मी म्हणालो. "मग तुम्हाला तोंड दाखवायला भ्यालो."

ती आत गेली. चहा विचारला नाही.

मी भाऊला म्हणालो, माझ्या गॅरेजात या, नोझलचं काम तुम्हीच बघा.

"यंत्र कधीचं विकलं," तो म्हणाला. "अन् आता बारीक दिसत नाही गा मले."

मी निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत सोबत आला. "पण बरोबर होतं ना?" त्यानं पुन्हा विचारलं.

"बरोबर होतं," मी म्हणालो. मी सायकलवर बसलो, तेव्हा त्यानं आणखी एकदा विचारलं.