एकदाच विसळलेल्या नळ्या

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशीच म्हणायचे. बावीस वर्षं तिनं काचेच्या नळ्या धुतल्या. नियम एकच, साबण लावला की तीनदा विसळायचं. पण त्या सकाळी लेकीचा फोन आला, नातू तापानं फणफणलाय, आणि घाईत मावशीनं एक रॅक एकदाच विसळून सुकत ठेवला.

दुपारी ताईनं, म्हणजे दोन वर्षं एकाच प्रथिनाच्या मागे लागलेल्या पोरीनं, नेमक्या त्याच नळ्या उचलल्या. नळीत प्रथिनाचे थेंब घेऊन त्यात तपकिरी रंग टाकायचा. प्रथिन जितकं जास्त, तितका तो निळा होतो. यंत्रावर आकडा आला आणि ताई प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे बघून ओरडलीच, "साहेब, दुप्पट निघालं!" चार वाजता त्या प्रथिनाची कुपी मोठ्या दवाखान्यात जायची होती. तिथले लोक या आकड्यावरूनच रुग्णांवरच्या चाचणीचा डोस ठरवणार, आणि चाचणी फसली की ताईचं काम बंद.

मावशीनं ताईसमोरचा रॅक बघितला, सकाळचाच तो! तिला यातलं शास्त्र काय कळतंय! पण उरलेला तपकिरी रंग सिंकमध्ये ओतला, आणि खाली साबणाचा फेस असला, की तो निळा होतो, हे तिनं हजारदा बघितलेलं. प्रथिन नाही की बिथिन नाही. आता बोला!

बोलायचं कसं? गेल्या महिन्यात तिच्या हातून महागडा फ्लास्क फुटला तेव्हाच साहेबांनी बजावलं होतं, "पुन्हा चूक झाली तर दुसरं काम बघा." निवृत्तीला आठ महिने उरलेले. साडेतीन वाजले. ताई कुपी ठेवलेल्या बर्फाच्या डब्याला चिकटपट्टी लावायला लागली.

"मेलं हे तोंड," मावशी स्वतःवरच चरफडली, "एरवी दिवसभर चालतं!"

मग तिनं रॅकमधली एक रिकामी नळी पुढे केली. "ताई, थांब. यात नुसता रंग टाक."

"नुसता?"

"टाक म्हणते ना!"

ताईनं टाकला. तपकिरी रंग बघता बघता निळा झाला. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"साबण राहिलाय," मावशी म्हणाली. "नातवाला ताप होता, मी एकदाच विसळल्या. तुझा आकडा खोटा आहे गं."

साहेब उठून आले. "गप्प बसल्या असतात, तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही. म्हणून तर बोलले."

साहेबांनी कुपी न्यायला येणाऱ्या माणसाला फोन करून उद्याची वेळ दिली. मग म्हणाले, "या नळ्या धुवा आणि घरी जा."

मावशीचा आवाज चिरकला. "कायमची?"

"नातू आजारी आहे ना? उद्या वेळेवर या."

मावशीनं नळ सोडला. तीनदा विसळून झाल्यावर ताई हळूच म्हणाली, "मावशी, बस झालं." मावशीनं नळ्या चौथ्यांदा पाण्याखाली धरल्या.