दादाच्या गाडीचं तेल

दादाच्या दहाव्याला कावळा शिवेना. कुकडीच्या काठी आम्ही उन्हात उभे होतो, पिंड मांडून बराच वेळ झाला होता. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण खाली येत नव्हते. अशा वेळी गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून शब्द द्यायचा असतो. मामा म्हणाले, पोरीचं शिक्षण थांबू देणार नाही. चुलत्यांनी बांधाचा वाद मिटवायचं कबूल केलं. तरी काही होईना. मग वहिनी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "भाऊजी, गाडीचं बोला."

मी पुढे झालो. "दादा, गाडी विकणार नाही. चालती ठेवीन."

लोक थोडे मागे सरकले आणि कावळा उतरला. माझ्या शब्दाने उतरला की लोक सरकले म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण शब्द दिला होता, आणि तो सगळ्यांनी ऐकला होता.

मी जुन्नरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आळे गावची शेती आणि गाडी, दोन्ही दादाकडे. गाडी जुनी डिझेलची, इंजिनात जादा हवा रेटणारा टर्बो असलेली, कुणाकडून तरी घेतलेली. बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यापासून पाहुण्यांना फाट्यावर सोडण्यापर्यंत सगळी कामं तिच्यावर व्हायची. मी फक्त शेजारी बसायचो. लायसन होतं, सवय नव्हती.

मी गाडी हातात घेतली आणि महिन्याभरात अंगणातल्या फरशीवर तेलाचा डाग पडला. पुसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चढावर मागून निळसर धूरही निघायचा. वहिनी ओट्यावर शेंगा फोडत बसलेली असायची. एकदा म्हणाली, "त्यांच्या हातात व्हती तवा अंगणात थेंब पडला नाय. पुस्तक फाटलं तर चिकटावता येतं. गाडीचं तसं नसतं, भाऊजी."

थेंब दादाच्या वेळी पडत नव्हता, हे खरंच होतं.

आळेफाट्यावर एक मिस्त्री होता. त्याच्याकडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्याने बॉनेट उघडलं, बॅटरी मारून आत बघितलं आणि म्हणाला, "कुठं गळतंय, सर? लई चकाचक हाय." एकदा त्याने नळीचे वॉशर बदलून दिले. घरी येईपर्यंत डाग हजर. आपण काही चुकीचं बघतोय की तो चुकीचं बघतोय, हे कळेना.

तिसऱ्या खेपेला त्याने मला विचारलं, "येताना इंजिन बी पुसून आणता का?"

"हो. घाण गाडी कशी आणायची?"

तो हातातला पाना ठेवून हसायला लागला. "अहो सर, डाक्टरकडं जाताना ताप घरी ठिवून जाता व्हय? चार दिवस हात लावू नका. तशीच आणा, तेलातुपातली."

चार दिवस मी त्या ओल्या, काळ्या नळीकडे नुसता बघत राहिलो. मग गाडी नेली, आणि पाच मिनिटांत त्याला सापडलं. टर्बोला तेल देणारी नळी ठीक होती. तेल परत खाली नेणारी दुसरी नळी तुंबली होती. उतरायला वाट नाही म्हणून तेल सांध्यातून बाहेर येत होतं, थोडं आत जाऊन जळत होतं. त्याने नळी काढली, आत तार घातली. कोळशाची भुकटी आणि पापुद्रे बाहेर आले.

"हे वर्षानुवर्षाचं काम हाय," तो म्हणाला. "तुमचं न्हाई. घाट चढून आलं की गाडी लगेच बंद करायचं का कोण?"

दादा करायचा. फाट्यावर चहाला थांबला तरी चाक थांबायच्या आत किल्ली फिरवायचा.

"टर्बो लालबुंद झालेला असतो. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, जाग्यावर करपतं. दोन मिनिटं चालू ठिवायची, मग बंद."

नवी नळी मिळेपर्यंत मी टपरीवर बसून राहिलो. चहा निवला. कारण दादाला ते मीच सांगितलं होतं. कॉलेजात येणाऱ्या एका वर्तमानपत्रात डिझेल वाचवायचे उपाय आले होते. थांबलात की इंजिन बंद करा, असं त्यात होतं. टर्बोबद्दल काही नव्हतं, किंवा मी वाचलं नव्हतं. दादा सगळ्यांना सांगायचा, "आमच्या भावानं वाचलंय." मग गाडी कुणी बिघडवली? वहिनीला मिस्त्रीचं म्हणणं सांगितलं तर मी सुटत होतो आणि दोष दादावर जात होता. पूर्ण सांगितलं तर पुन्हा माझ्यावर येत होता, आताच्या चालवण्याचा नाही तर तेव्हाच्या सल्ल्याचा. गप्प बसलो तर तिच्या लेखी मी पुस्तकवालाच राहणार होतो, आणि ते सोपं होतं.

पंधरा दिवसांनी तिला माहेरी सोडायला निघालो. घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्यावरून आत चढण आहे. गाडी छान चढली, धूर नव्हता. तिच्या भावाच्या दारात थांबलो आणि मी इंजिन चालूच ठेवलं.

"बंद करा की. डिझेल जळतंय," ती म्हणाली. "ते लगीच बंद करायचे."

"माझ्या सांगण्यावरून करायचे," मी म्हणालो. "मी चुकीचं सांगितलं होतं. त्यानंच नळी तुंबली."

तिने दार अर्धं उघडलं होतं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने की कशाने, मला ओळखता आलं नाही.

"मग किती येळ ठिवायची?"

"दोन मिनिटं."

तिचा भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. तिने दार पुन्हा ओढून लावलं आणि काचेतून त्याला म्हणाली, "थांब रं जरा. गाडी बंद व्हायची हाय."

मी घड्याळाकडे बघत होतो. दोन मिनिटं झाली तरी किल्लीला हात लावला नाही. ती अजून काही बोलेल असं वाटत होतं.

"करा आता," ती म्हणाली, आणि उतरली.