सोबतीला तोच

माझ्या बोटाआधी त्याचं बोट मशीनच्या बटणावर पडलं आणि माझं मत गेलं. आत येताना त्यानं मतदान केंद्रावरच्या साहेबांना सांगितलं होतं, "मावशीला दिसत नाय, सोबतीला मी जातो." मी म्हणाले, मला दिसतं. तो हसला. "मावशी लाजते, साहेब."

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत पक्षाचं सगळं तोच बघतो. गॅसची टाकी न सांगता जोडून देतो, आपलं बोलणं आपल्याआधी संपवतो. "तुम्ही कशाला तरास घेता, मी हाय ना," हे सारखं तोंडात. मी अजून सुईत दोरा स्वतः ओवते, हे त्यानं कितीदा पाहिलंय.

परतताना रिक्षात मी विचारलं, "दरवेळी आमदार तुमचाच, वर सरकारही तुमचंच. मग माझं एक मत कशाला खाल्लंस?"

"सगळीच लागतात, मावशी," तो म्हणाला आणि मला उतरवायला हात पुढं केला. मी तो झटकला.

त्या रिक्षात आम्ही गल्लीतल्या तिघी म्हाताऱ्या होतो. तिघींच्या सोबतीला आत तोच गेला होता. तिघींनाही चांगलं दिसतं.