वीज वाचवायला निघालेलं पथक

घरकुलांमध्ये वीज वाचवायच्या एका सरकारी कार्यक्रमावर मी तीन वर्षं कंत्राटी इंजिनिअर होते. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुके आमच्या पथकाकडे. पथक म्हणजे मी, वायरमन रफिकभाई आणि एक जीप! मोजायला जायचो एक आणि हाती लागायचं भलतंच. अहवालात तापमान जायचं, युनिटं जायची. बाकीचं आमच्याकडेच राहायचं. ते आता इतकं साठलंय, की चहाला दोन माणसं भेटली तरी सांडायला लागतं.

*

पहिलं शिबिर इंदापूरला, भर उन्हाळ्यात. विषय होता, घरात नैसर्गिक उजेडाचा वापर. सभागृहाला चांगल्या मोठ्या खिडक्या होत्या. आमच्या कार्यक्रमाचे प्रमुख असलेल्या साहेबांनी त्यांच्यावरच कार्यक्रमाचा भलामोठा बॅनर लावून घेतला. आत अंधार झाला, म्हणून सगळ्या ट्यूब लावल्या आणि त्या उजेडात साहेबांचं भाषण रंगलं. "दिवसा दिवा लावणं म्हणजे देशाचं नुकसान!"

तेवढ्यात वीज गेली. साहेब म्हणाले, "जनरेटर लावा!"

मागून एक आजी उठल्या. "अवो सायेब, जनरेटर कशाला? ते तुमचं फडकं काढा की, लख्ख दिसंल!"

साहेबांना ऐकू आलं नाही. जनरेटर सुरू झाला होता.

*

बावड्याला एक तात्या होते. त्यांचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचं, आता शेती करतं. त्यांच्या स्लॅबला आम्ही ऊन परतवणारा पांढरा रंग दिला. महिन्याने तापमान मोजायला गेलो, तर तात्या, त्यांची बायको, सून, सगळे बाहेर लिंबाखाली बसलेले. घामाने निथळत होते.

मी घाबरले. "तात्या, घर गार झालं नाही का?"

"झालं की! लई गार झालं."

दार ढकललं. आत सात शेळ्या निवांत रवंथ करत बसल्या होत्या.

"त्यान्ला ऊन सोसत न्हाय, मॅडम," तात्या म्हणाले. "आमाला सवय हाय."

रफिकभाईंनी गुपचूप शेळ्यांच्या मधोमध थर्मामीटर धरला. आकडा झकास आला! साहेबांनी पुढच्या बैठकीत तोच वाचून दाखवला.

*

जळोचीच्या एका घरात आम्ही कमी वीज खाणारा, रिमोटचा पंखा बसवला. पुढच्या महिन्यात त्या घराचा वापर एवढा कमी भरला, की साहेब म्हणाले, "हे आपलं आदर्श घर. जाऊन अभ्यास करून या."

अभ्यासाला गेलो. सून पुठ्ठ्याने वारा घेत होती.

"पंखा बिघडला का?" मी विचारलं.

"पंखा बेस हाय," ती म्हणाली. "रिमोट सासूबाईंच्या बटव्यात असतो."

"मग सासूबाई कुठं आहेत?"

"लेकीचं बाळंतपण करायला गेल्यात. गेल्या महिन्यापासनं!"

रफिकभाईंनी भिंतीवरचं बटण दोनतीनदा दाबून बघितलं. पंखा ढिम्म. जाताना सासूबाईंनी तो रिमोटने बंद केला होता, आणि पंख्यालाही त्यांची जरब असावी.

*

मग आली बल्बची मोहीम. जुना पिवळा बल्ब जमा करा, एलईडी घेऊन जा. वरून आलेला नियम असा, की जुना बल्ब दिल्याशिवाय नवा द्यायचा नाही. अडचण एकच. पिवळे बल्ब घराघरातून कधीच गेले होते!

तरी भिगवणकडच्या एका वस्तीवर लोकांनी पाटीभर पिवळे बल्ब आणून दिले. साहेब खूश. फोटो निघाले, टाळ्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी तिथली एक बाई एलईडीचं खोकं घेऊन ऑफिसात आली. तोंड उतरलेलं. "मॅडम, तुमचा बल्ब माघारी घ्या. आमचा आमाला द्या."

"का हो? उजेड पडत नाही?"

"उजेड लई पडतोय. पर ऊब न्हाय! कोंबडीची पिल्लं काकडायला लागल्यात."

ते बल्ब कोंबड्यांच्या शेडमधले होते! मी स्टोअरमधून त्या वस्तीची पाटी शोधून काढली आणि स्वतः जीपमध्ये घालून पोचवली. पिल्लं वाचली. अहवालात मात्र ती वस्ती अजून पिवळ्या बल्बांपासून मुक्त आहे.

*

आणि ही डाळजची गोष्ट. हौसाबाई एकटी राहायची. आमच्या नकाशात समोरासमोर दोन खिडक्या सक्तीच्या, म्हणजे हवा खेळती राहते आणि पंखा कमी लागतो. एक खिडकी रस्त्याकडे निघाली. दुसरी निघणार होती दिराच्या अंगणात. बांधावरून भांडण झाल्यापासून हौसाबाई आणि तिची जाऊ कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"मी उकडून मरंन," हौसाबाई म्हणाली, "पर तिचं तोंड बघायची न्हाय!"

"खिडकी नसेल तर घर पास होणार नाही, मावशी."

दीर निवृत्तीराव पलीकडून ओरडले, "आमच्या अंगणात तुमची हवा सोडायची न्हाय!"

"आबा, हवा तुमचीच हाय," रफिकभाई म्हणाले. "ती फकस्त इकडं येणार."

शेवटी खिडकी झाली. पुढच्या फेरीला बघितलं, तर हौसाबाईने आतून पोतं ठोकलेलं आणि जावेने बाहेरून कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. वाऱ्याची झुळूक नाही. मी 'खिडकी आहे' असं लिहिलं आणि निघाले. घर पास झालं, पण माझंच मला बरं वाटलं नाही.

वैशाखात शेवटची तपासणी. पोतं नव्हतं. पेंढ्याही नव्हत्या. मी सरळ फॉर्म काढला.

"मावशी, या खिडकीतून काय येतं? हवा, उजेड, की दोन्ही?"

तेवढ्यात बाहेरून बांगड्या वाजल्या. एका हाताने वाटी गजांमध्ये घातली. ती बसेना, म्हणून जरा तिरकी केली. हौसाबाईने पुढे होऊन, न सांडता, ती आत ओढून घेतली.

"लिवा," ती म्हणाली, "कालवण."