चार वाजताचा हुंकार

आमच्या बोरीच्या वाचनालयात दारासमोरच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर पांढऱ्या रंगात दर वर्षाची एक ओळ आणि त्या ओळीत मुलांची नावं. पहिली ओळ १९९९ची. त्या वर्षी सिद्धोधन ग्रंथपाल म्हणून आला आणि उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी त्याने एक पद्धत सुरू केली. पुस्तक घरी न्यायचं, वाचायचं, आणि परत देताना त्यातली गोष्ट त्याला तोंडी सांगायची. पाच गोष्टी सांगून झाल्या की नाव फळ्यावर. वेळ दुपारी चार.

मी वाचनालयाचा चिटणीस. नोकरी सोसायटीच्या कचेरीत, येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे प्रत्येक गोष्टीला कागद असावा असं मला वाटतं. म्हणून पहिल्याच वर्षी मी सिद्धोधनला म्हणालो होतो, "तोंडी कशाला? दहा प्रश्नांचा कागद काढ. काही पुरावा तरी राहील."

तो म्हणाला, "दत्तोपंत, परीक्षा घेणारे लय हायत गावात. ऐकणारं कोणी न्हाई."

तो ऐकायचा कसा, ते सांगायला हवं. टेबलावर दोन्ही हात ठेवून, मान किंचित वाकडी करून बसायचा. मूल बोलू लागलं की मधूनमधून फक्त "हं" म्हणायचा. मुलाने काही गाळलं तर तो टोकत नसे. त्याचा हुंकार थोडा लांबायचा, एवढंच. मूल थांबायचं, डोकं खाजवायचं आणि मागे जाऊन राहिलेलं सांगायचं. त्याने कुणाची चूक काढलेली मी बावीस वर्षांत ऐकली नाही.

हे तो शिकला वडिलांकडून. ते पेडगावचे, दुसऱ्याच्या रानात मजुरी करणारे. अक्षर येत नव्हतं. पण रोज संध्याकाळी पोराला समोर बसवून शाळेतला धडा सांगायला लावत आणि हुंकार देत. सिद्धोधन एकदा म्हणाला होता, "बारावीपर्यंतचा प्रत्येक धडा बापानं ऐकलाय. बारावीला पास मी एकटा नव्हतो झालो." पुढे त्याने ग्रंथालयाची प्रमाणपत्र परीक्षा दिली आणि बोरीला आला. बायको चांगुणाबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं.

२०२०च्या उन्हाळ्यात वाचनालय बंद राहिलं. सिद्धोधनने फळ्यावर सालाचा आकडा घातला आणि पुढची ओळ तशीच सोडली. पुढे वाचनालय उघडलं तेव्हा मी म्हणालो, "आकडाही पुसून टाक, बरं दिसत नाही." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पण अशी दुसरी ओळ नको."

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा टाळेबंदी आली. तो माझ्या दारात आला, अंगणात लांबच उभा राहिला.

"अकरा पोरं हायत यंदा. पुस्तकं घरपोच करतो. दारात ठेवीन आन् निघीन."

मी नियमाचा माणूस. बंद म्हणजे बंद. "एकही पुस्तक मुलांकडे जायचं नाही," मी म्हणालो. "आजार पुस्तकावरून गेला तर उद्या गाव आपल्याला विचारेल. तुला स्वतःला हवी तर तुझ्या कार्डावर ने. दोन."

तो जायला निघाला, पुन्हा वळला. मग म्हणाला, "बरं. पुस्तक न्हाई जाणार. गोष्ट जाईल."

त्याने दोन जाड गोष्टींची पुस्तकं निवडली, रजिस्टरात सही केली आणि ती घरी नेली. सकाळी तो मुलांना फोन लावून गोष्ट वाचून दाखवायचा. कुणाच्या घरी मोठा फोन, कुणाच्या घरी बटणांचा. बटणांच्या फोनवर तीन-चार जणांना एकत्र जोडायचं त्याने शिकून घेतलं. येलदरीकडच्या वस्तीवरची साक्षी नावाची सातवीतली मुलगी आवाज नीट येत नाही म्हणून फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढून बसायची. दुपारी चारला मुलं पाळीपाळीने त्याला फोन करायची आणि आदल्या दिवशी ऐकलेली गोष्ट परत सांगायची. तो इकडून "हं" म्हणायचा.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्याचा मला फोन आला. आवाज बसला होता.

"प्रत्येकाच्या चार झाल्या, दत्तोपंत. पाचवी वाचून दिली सगळ्यांना. आता नुसतं ऐकायचं ऱ्हायलंय."

"ताप आहे का?"

"थोडा हाय. ऐकायला ताप आडवा येत न्हाई."

चौथ्या दिवशी त्याला जिंतूरला आणि तिथून परभणीला नेलं. १९ मे रोजी तो गेला. अंत्यविधी तिकडेच झाला. चांगुणाबाईंच्या हाती प्लॅस्टिकच्या पिशवीत चष्मा, घड्याळ आणि फोन आला. आम्ही कोणी त्यांच्या घरी गेलो नाही. तेव्हा कोणीच कुणाकडे जात नव्हतं, असं म्हणून मी माझं समाधान केलं.

जूनच्या मध्याला निर्बंध सैल झाले. मी वाचनालय उघडून थकलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रं लिहायला बसलो. हे काम एरवी सिद्धोधन करायचा. रजिस्टरातली नावं ओळीने बघत मी छापील कार्डं भरली, खाली सह्या केल्या आणि आमचा म्हातारा शिपाई आश्रुबा याच्याकडे वाटायला दिली. तासाभराने तो परत आला आणि दारातच उभा राहिला.

"वाटली?"

"वाटली. एक चांगुणाबाईच्या हातात दिलं."

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. 'श्री. सिद्धोधन यांस, आपणाकडील दोन पुस्तके त्वरित जमा करावीत.' मी ते माझ्या हाताने लिहिलं होतं.

"अरे, तुला कळत होतं ना? मग दिलंस कशाला?"

"तुमची सही होती, साहेब," आश्रुबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माफी मागायला गेलो. चांगुणाबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली सिद्धोधनचा ओळखपत्राचा फोटो मोठा करून लावलेला. त्यांनी पाणी दिलं. दोन्ही पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून तयार ठेवली होती.

"माझ्या हातून फार मोठी चूक झाली," मी म्हणालो. "ते कार्ड मला परत द्या. फाडून टाकतो."

"कामून फाडता? ऱ्हाऊ द्या. शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं. नाव छान अक्षरात काढलंय तुमी." मग कार्ड ठेवलेल्या कोनाड्याकडे पाहून म्हणाल्या, "मेल्यावर कोण लिहितंय त्यांना? तुमीच लिहिलं."

त्यांनी ते टोचून म्हटलं की सरळ, मला आजही ठरवता येत नाही.

तेवढ्यात कोनाड्यातला फोन वाजला. मी घड्याळ पाहिलं. चार. बाईंनी सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि फोन कानाला लावला. पलीकडून मुलीचा बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बाई ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हं."

मान किंचित वाकडी केलेली होती. पुन्हा "हं." एका जागी तो हुंकार लांबला, पलीकडचा आवाज थांबला, मग मागे जाऊन पुन्हा सुरू झाला.

फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "साक्षी हाय. येलदरीकडची."

"तुम्हाला गोष्टी ठाऊक आहेत?"

"मला कधी कुणी सांगितल्या? पोरांना वाचून दाखवायचे, मी चुलीपाशी भाकरी थापत ऐकायची. माझ्याशी बोलणं त्यांचं कमीच. भाकर झाली का, पाणी आलं का. सगळं बोलणं पोरांसाठी ठेवलेलं." त्या तांदळातला खडा काढत म्हणाल्या, "त्यांना परभणीला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला असंल, पण तो तिकडं त्यांच्याजवळ. मग पिशवीतून आला तवा चार्ज केला आन् त्याच दिवशी चारला वाजला. एक पोरगं सांगायलाच लागलं. काय म्हणावं? म्हणलं, हं."

दहा मुलांची पाचवी गोष्ट त्यांनी ऐकून पुरी केली होती. नावं त्यांनी मला एकापाठोपाठ एक सांगितली, गोष्टीसकट. मी खिशातल्या कागदावर उतरवून घेतली. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमच्या नियमात बसतंय का? मी काय ग्रंथपाल न्हाई. यंदाची ओळ मोकळी ऱ्हाऊ नये, एवढंच त्यांचं होतं."

"बसतं," मी म्हणालो. त्या दिवशी पहिल्यांदा मी कोणतंही कलम न बघता उत्तर दिलं.

"आणि साक्षी?" मी विचारलं.

"तिची गोष्ट लय लांबायलीय. रोज थोडी थोडी सांगती. संपत न्हाई."

मी गुंडाळलेली पुस्तकं घरी येऊन सोडली आणि बाईंनी सांगितलेली साक्षीची गोष्ट शोधली. साडेचार पानांची होती.

पुढे पाऊस सुरू झाल्यावर साक्षी वडिलांबरोबर बोरीच्या बाजाराला आली तेव्हा वाचनालयात डोकावली. २०२१च्या ओळीत मी दहा नावं रंगवून घेतली होती. ती फळ्यापुढे उभी राहिली.

"तुझं नाव राहिलं," मी म्हणालो. "साडेचार पानं कधी सांगून होणार?"

ती फळ्यावरची नावं वाचत राहिली.

"सर आता नाहीत, हे माहीत आहे ना तुला?"

"माहीत हाय की. समद्यांना माहीत हाय." तिने पायाच्या अंगठ्याने फरशी घासली. "बाकीच्यांच्या संपल्या. माझी पण संपली तर काकू कोणाचा फोन उचलतील?"

मी रंगाऱ्याला सांगून शेवटच्या नावापुढे स्वल्पविराम घालून घेतला आणि त्यापुढे एका नावाची जागा मोकळी ठेवली.

साक्षी आता परभणीला वसतिगृहात राहून अकरावी करते. नवीन ग्रंथपाल चांगला मुलगा आहे. मध्यंतरी भिंत रंगवताना त्याने विचारलं, "साहेब, इथं एक नाव पुसलं गेलंय का?" मी म्हटलं, "नाही. जागा तशीच ठेव."

त्या अकरा मुलांच्या दारात मी तेव्हा पुस्तकं जाऊ दिली असती तर काही वेगळं झालं असतं असं नाही. पण त्याने हात पुढे केला होता आणि मी कार्डावरच्या दोन पुस्तकांच्या नियमावर बोट ठेवलं होतं, हे खरं.

गेल्या आठवड्यात दुपारी चांगुणाबाईंच्या घरावरून जात होतो. दार उघडं होतं. त्या भिंतीला टेकून फोन कानाला लावून बसल्या होत्या. मला पाहून फोनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "गोष्टीतला राजा आता होस्टेलात ऱ्हायलाय, भाऊ. जेवण कच्चं मिळतं म्हणती त्याला."

मग हात काढला, मान जराशी वाकडी केली आणि म्हणाल्या, "हं."