सूर्यास्तासाठी निवडलेला खडक

सत्तेचाळीस माणसं, एक केक आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेल्या वाघमारे काकू, असे आम्ही सगळे खडकावर होतो. ज्या वाळूवरून तासाभरापूर्वी चपला वाजवत आलो होतो, ती वाळू मात्र नाहीशी झाली होती. तिथे पाणी होतं. सगळे समोरच्या सूर्याकडे तोंड करून बसलेले, त्यामुळे मागे कुणी बघितलंच नव्हतं.

"जाधव, हे काय आहे?" आमचे प्लांट हेड शिंदे साहेब म्हणाले.

मी कंपनीचा सेफ्टी ऑफिसर. जागा मीच निवडली होती.

तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मी सतरा वर्षं आहे. सेफ्टी ऑफिसर म्हणजे अपघात कुठे होईल हे तो होण्याआधी शोधायला पगार घेणारा माणूस. मी मूळचा उदगीरकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर नाहीतर टँकर. समुद्र मी नोकरीला आल्यावरच पाहिला, आणि पाहिला म्हणून तो समजला असं धरून चाललो.

त्या महिन्यात आमचे बॉयलर ऑपरेटर वाघमारे काका रिटायर होत होते. एकतीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस. साहेबांनी त्यांना विचारलं, "काका, निरोपाला काय पाहिजे?" काका म्हणाले, "मला काही नको. पण आमची ही म्हणते, बोईसरात येऊन तीस वर्षं झाली, सूर्य पाण्यात बुडताना एकदाही नीट बघितला नाही. माझी कायम सेकंड शिफ्ट, आता तिचे गुडघे गेले." काकूंना दोन माणसांचा आधार घेतल्याशिवाय चालता येत नव्हतं.

साहेबांनी मला बोलावलं. "जाधव, आपल्या किनाऱ्यावरची सूर्यास्ताची सगळ्यात चांगली जागा शोधा. रिस्क असेसमेंट करून."

रिस्क असेसमेंट म्हणजे कुठे काय बिघडू शकतं याची आधीच केलेली यादी. ती करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असा माझा समज होता. आम्हाला एकाआड एक शनिवार सुट्टी असते. पहिल्या शनिवारी मी मोटारसायकल काढली आणि किनारा धरून फिरलो. शिरगावला सुरूची झाडं छान, पण गर्दी. सातपाटीला बोटींच्या मागे सूर्य काय सुरेख उतरतो! पण तिथे बायका वाळत घातलेले बोंबील गोळा करत होत्या, टोपल्या उचलत होत्या. त्यांच्या कामाच्या जागेत आमची वरात नको वाटली. मग पुढे एका लहान गावात हा खडक सापडला. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या कुणी तिथे केक घेऊन जाईल.

खडक सपाट, ओटीवर बसावं तसा. किनाऱ्यापासून दोनशे पावलं. मधे वाळूचा जरा खोलगट पट्टा, तोही कोरडा. सूर्य नाकासमोर. पाणी पार लांब.

पंधरवड्यानंतरच्या सुट्टीच्या शनिवारी मी पुन्हा गेलो. एकदा बघून सही करणाऱ्यांतला मी नाही. तीच वेळ, तीच कोरडी वाळू, पाणी तेवढंच लांब. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "संध्याकाळच्या वेळी समुद्र आत गेलेला असतो. दोनदा खात्री केली." खाली सही ठोकली.

कार्यक्रम त्यानंतर अकरा दिवसांनी, बुधवारी होता. सव्वापाचला बायकामुलांसह पोचलो तेव्हा वाळू कोरडीच होती. काकूंना हळूहळू चालवत नेलं, खुर्चीत बसवलं. भाषणं सुरू झाली. शेजारच्या दगडांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढून एक मावशी परत निघाल्या होत्या. हातात कोयती, कमरेला टोपली. आमच्याजवळ थांबून म्हणाल्या, "कदी निगनार तुमी?"

"सूर्यास्त बघून. सहा पस्तीसला आहे," मी मोबाईल दाखवला.

"तवर थांबू नका. पानी मागशी भरतं इथं."

"झालंच मावशी, अर्धा तास," साहेब हसून म्हणाले. मीही हसलो. त्या मान हलवत निघून गेल्या.

सव्वासहाला अकाउंट्सच्या नेहाने सेल्फी घ्यायला पाठ फिरवली आणि ती किंचाळली.

खडक उंच आणि मधला पट्टा खोल, म्हणून पाणी आधी तिथेच भरलं होतं. दोन तरुण पोरं सरळ किनाऱ्याकडे धावली. दहा पावलांत कमरेपर्यंत गेली, आणि ओढ लागल्यावर ओरडत परत फिरली. मी शिट्टी काढली. वाजेना. तोंडात थुंकीच नव्हती. सतरा वर्षं मॉक ड्रिल घेतलेला माणूस मी. मॉक ड्रिल म्हणजे आग लागली नसताना लागल्यासारखं पळणं. खरं पळायची वेळ आली आणि मला दिशाच कळेना. मला फक्त काकू दिसत होत्या. त्या खुर्चीचे हात घट्ट धरून मला विचारत होत्या, "भाऊ, मला कसं नेणार?"

तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली. त्याच मावशी. टोपली टाकून पाण्यात उतरल्या होत्या. सरळ येत नव्हत्या, उजवीकडून मोठा वळसा घेत होत्या, आणि पाणी त्यांच्या गुडघ्याच्या वर जात नव्हतं.

"सरल येऊ नका! तिथं खोल हाय! दगडांची वाट हाय इकडं, माज्याकडं बगून या!"

मग आम्हाला सुचायला लागलं. ओढण्या एकमेकींना बांधल्या. एकामागे एक रांग लावली. लहान मुलं खांद्यावर घेतली. बॉयलरच्या चार गड्यांनी काकूंना खुर्चीसकट उचललं. वाघमारे काका बाजूने खुर्चीचा एक पाय धरून चालत होते, उगाचच, पण कुणी त्यांना सोडा म्हटलं नाही. मी शेवटी राहून माणसं मोजत होतो. तीनदा मोजली आणि तीनदा आकडा वेगळा आला. पाणी मांड्यांपर्यंत चढलं. खुर्चीची बैठक भिजली. मावशी पुढे हात वर करून उभ्या, पाय कुठे टाकायचा ते ओरडून सांगत होत्या.

किनाऱ्याला लागलो तेव्हा सूर्य बुडून गेला होता. आम्ही कुणीच पाहिला नाही. काकूंनी पाहिला. घाईत गड्यांनी खुर्ची न वळवताच उचलली होती, त्यामुळे त्यांचं तोंड सगळा वेळ समुद्राकडे होतं. "पुरा बघितला," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग काकाही.

सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. चौथ्यांदा मोजल्यावर जमलं. मी वाळूत बसलो तो उठलोच नाही.

"आज अकादशी ना?" मावशी पदर पिळत म्हणाल्या. "अकराचं पाऊन किती? सव्वाआठ. सव्वाआठला पुरी भरती. पुनवेला, आवसेला ह्या टायमाला पानी लांब असतं, तवा काय नाय. ह्ये तर आमची पोरं पन सांगतील."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. माझे दोन्ही शनिवार चौदा दिवसांच्या अंतराने आले होते, एक अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, एक पौर्णिमेला. समुद्राने मला दोनदा तोच चेहरा दाखवला आणि मी त्याला खात्री म्हटलं. एकादशी आहे हे तर मला पक्कं माहीत होतं. साबुदाण्याच्या खिचडीच्या नऊ प्लेटा मीच सांगितल्या होत्या.

"मावशी, मी दोनदा येऊन बघून गेलो होतो हो," मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

"ठावं हाय. दोनी टायमाला मी हितंच व्हती कालवं काडत. तू टेप लावून मापत व्हतास. मना वाटलं, सायेब हाय, इचारील कायतरी. तू इचारलंच नाय."

दुसऱ्या दिवशी मी नियर मिसचा रिपोर्ट लिहायला बसलो. नियर मिस म्हणजे होता होता राहिलेला अपघात. साहेबांनी कारणाच्या रकान्यात डोकावलं. तिथे मी माझं नाव लिहिलं होतं. "खोडा ते," साहेब म्हणाले, "मीही हसलो होतो." पण मी खोडलं नाही.

रिपोर्टला जोडायला मी जागेचे मूळ फोटो उघडले. दोन्ही शनिवारच्या फोटोंत डाव्या कोपऱ्यात एक बाई दगडावर वाकलेली होती. प्रेझेंटेशनसाठी मीच ती कापून काढली होती, फ्रेम स्वच्छ दिसावी म्हणून.